चार कानांचा डबा

मेलितोन कारुआस इंजिनियर नव्हता, पण लिमा शहरात ही फार मोठी अडचण धरत नाहीत. तिथे खिशाला पेन लावलेला माणूस दिसला की त्याला इंजिनियर म्हणायचं आणि काम करून घ्यायचं. मेलितोनला तर ही पदवी रीतसर मिळाली होती, म्हणजे पगारवाढीच्या ऐवजी मिळाली होती. आते नावाच्या भागातल्या बासालार प्लास्टिक कारखान्यात तो वीसेक वर्षं साचे घासत होता. एक दिवस मालक रोमुलोशेठ त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "आजपासून सगळे तुला इंजिनियर म्हणणार. मी सांगून ठेवलंय." आणि खरोखरच म्हणायला लागले, फाटकावरचा रखवालदारसुद्धा. मेलितोनने नवीन पेन घेतलं.

ज्या डब्यामुळे हा मान मिळाला, तो डबा म्हणजे त्याच्या आयुष्याची कमाई. चौकोनी, आरपार दिसणारा, आणि झाकणाला चारी बाजूंनी चार कान. कान खाली दाबले की काठाखालच्या दांड्याला जाऊन अडकायचे आणि झाकणाच्या आतल्या खाचेतलं रबराचं कडं काठावर घट्ट बसायचं. ऐकायला सोपं आहे. करून बघा, म्हणजे कळेल. कडं जाड घेतलं तर झाकण बसत नाही, पातळ घेतलं तर रस्सा पाझरतो. कान कडक केले तर मुडपतात तिथे चिरतात, मऊ केले तर पहिल्या खड्ड्याला उघडतात. या चार कानांपायी मेलितोनच्या स्वतःच्या डोक्यावरचे केस गेले.

कारखान्यात डबे हलवून बघायचं एक यंत्र होतं. पण ते फार सभ्यपणे हलवायचं. मेलितोन म्हणायचा, लिमाची मिनीबस काय अशी विचारून हलवते? म्हणून तो डब्यात कोथिंबिरीचं हिरवं सूप भरायचा, डबा पिशवीत आडवा घालायचा आणि मिनीबसमध्ये मागच्या चाकावरची सीट धरून गावभर हिंडायचा. एकदा सूप शेजारच्या बाईच्या पांढऱ्या बुटांवर गेलं.

"लाज नाही वाटत? एवढा घोडा झालास, डबा सांभाळता येत नाही?"

"बाई, हा प्रयोग आहे."

"मग तुझ्या आईच्या बुटांवर कर ना प्रयोग!"

आता आईचं म्हणाल, तर ती बिचारी मेलितोन लहान असतानाच गेली होती. बाप खाणीत कामाला म्हणून गेला तो गेलाच. पोराला वाढवलं दोमितिला मावशीने. मावशी लोकांच्या घरी कपड्यांना इस्त्री करायची, आणि लोकांच्या घरी लग्नं असली की तिथे जेवायला जायची. बोलावणं आलं तर ठीकच, नाही आलं तरी मावशीने कधी मनाला लावून घेतलं नाही. काळा झगा, खांद्यावर शाल, आणि शालीखाली मार्जरिनचा रिकामा डबा, सुतळीने बांधलेला.

तिचे नियम मात्र कडक होते. केक कापेपर्यंत डब्याला हात लावायचा नाही. पातेल्यातलं घ्यायचं नाही, ताटात उरलेलंच घ्यायचं. "कचऱ्यात टाकलं तर पाप नाही, आणि मी नेलं तर चोरी? कुठल्या पाद्र्याने सांगितलंय?" असं ती विचारायची. पाद्रीही त्याच लग्नांना जेवायला असायचे, त्यामुळे उत्तर कोणी देत नसे.

ज्या लग्नांना मेलितोन कधी गेला नाही, त्या लग्नांवर तो मोठा झाला. बदकाचा हिरवा भात, पिवळ्या मिरचीतली कोंबडी, भाजलेल्या डुकराची कुरकुरीत कातडी. कातडीवर त्याचा जीव होता आणि मावशीला ते ठाऊक होतं. भानगड एवढीच की मार्जरिनचा डबा गळायचा. एकदा मावशी लग्नातून परस्पर त्याला शाळेतून न्यायला आली. शालीखालून पिवळा रस्सा ओघळत होता आणि शाळेच्या पायऱ्यांवर तिच्यामागे त्याचा माग उमटला होता. पोरांनी मेलितोनचं नाव रश्श्या ठेवलं, आणि शाळा सुटेपर्यंत ते नाव काही सुटलं नाही. त्या दिवशी तो मावशीच्या पुढे चार हात चालत घरी गेला, जणू तिची न् त्याची ओळखच नाही. घरी पोचल्यावर मात्र कातडी खाल्ली, सगळी.

तेव्हा डबा न गळता यावा हे वेड त्याच्या डोक्यात कुठून आलं, ते सांगायला नको.

पहिला डबा मेलितोनने गुपचूप मिटणारा केला होता. दाबला की हलकेच बसायचा, कुणाला पत्ता लागायचा नाही. तो रोमुलोशेठसमोर ठेवला तेव्हा शेठने कान दाबला आणि वाट बघत बसले.

"आवाज कुठाय?"

"आवाजाची गरज नाही शेठ, नीट लागतं."

"लागतं हे तुला ठाऊक. गिऱ्हाइकाला कसं कळणार? आवाज नाही तर विश्वास नाही. मोटारीचं दार कसं लागतं? तसं लागलं पाहिजे. टक्क!"

मेलितोनने कानाच्या आत बारीकसा उंचवटा काढला. टक्क झालं. शेठ म्हणाले, अजून. उंचवटा वाढवला. शेठ म्हणाले, पलीकडच्या खोलीत ऐकू जायला हवं. शेवटी एवढा आवाज झाला की पहिल्यांदा दाबला तेव्हा टेबलाखालचं मांजर पळालं. शेठ खूश. त्या उंचवट्याने एक घोळ झाला, की डबा उघडणं अवघड होऊन बसलं. आधी तळव्याने झाकणाच्या मधोमध दाबायचं आणि मगच कान उचलायचे, नाहीतर पहिलवान आला तरी उघडत नसे. हे मेलितोनने शेठना दोनदा सांगितलं. पण शेठनी आयुष्यात स्वतःच्या हाताने डबा कधी उघडलाच नव्हता, त्यामुळे एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं.

असा टक्क वाजणारा पहिला तयार डबा हातात आला तो मेलितोनने मावशीला नेऊन दिला. तिने उलटा केला, सुलटा केला, पाणी भरून झटकला. एक थेंब नाही.

"देवा रे," मावशी म्हणाली. "हा माझ्या तरुणपणी कुठे होता?" आणि तिने तो कपाटात वर ठेवून दिला.

याच सुमारास रोमुलोशेठच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्नाचा पाद्रिनो, म्हणजे धर्मपिता, म्हणून शेठने ना भाऊ निवडला ना मेहुणा. निवडले अस्तेतेसाहेब, एका बड्या दुकान-साखळीचे खरेदीप्रमुख. मुलगी त्यांना जन्मात भेटली नव्हती. पण अस्तेतेसाहेबांनी हो म्हटलं तर चार कानांचा डबा देशभरच्या फळ्यांवर लागणार होता. आणि तसं झालं तर, शेठ म्हणाले, मेलितोनला स्वतंत्र खोली, दारावर नावाची पाटी: इंजिनियर मेलितोन कारुआस, रचना विभाग प्रमुख. त्या पाटीची अक्षरं मेलितोनला झोपेत दिसायला लागली.

आमंत्रणावर लिहिलं होतं, 'सहकुटुंब'. मेलितोनची चाळिशी उलटली होती, लग्न झालं नव्हतं. मावशीने आमंत्रण चष्मा लावून वाचलं.

"सहकुटुंब म्हणजे मीच की रे!"

मेलितोनने आमंत्रण तिच्या हातातून काढून घेतलं. "मावशी, तिथे सगळी मोठी माणसं आहेत. अस्तेतेसाहेब येणार. माझ्या पाटीचा प्रश्न आहे."

"मग मी काय तुझी पाटी खाणार आहे?"

"डबा न्यायचा नाही."

"बरं."

"शपथ घे."

"चमत्काराच्या प्रभूची शपथ, माझ्या पर्समध्ये डबा नसेल." आणि मावशीने पर्स उघडून दाखवली.

एवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण माणसाला एकदा पाटी दिसायला लागली की जीभ ताब्यात राहत नाही. मेलितोन खाली बघत म्हणाला, "आणि तुला स्वयंपाकघराजवळच्या टेबलावर जागा दिली आहे. मी इंजिनियरांच्या टेबलावर. तिथे कोणी विचारलं, तू कोणाची, तर... माझं नाव काढू नकोस."

मावशीने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "बरं," ती म्हणाली. "मेल्या, टायला इस्त्री करून ठेवलीये. सुरकुती पाडू नकोस."

लग्न दुपारचं होतं. बागेतला मांडव, पांढरे हातमोजे घातलेले वाढपी, आणि गुलाबी फितींनी बांधलेल्या खुर्च्या, कशाला ते देव जाणे. इंजिनियरांच्या टेबलावर मेलितोनसकट पाच इंजिनियर होते. खरोखर शिकलेला इंजिनियर मांडवात एकच होता, नवरामुलगा, आणि त्याला मात्र कोणी इंजिनियर म्हणत नव्हतं, कारण तो आता शेठचा जावई होता. डुकराचं पिल्लू आलं, बटाट्यावरची पिवळी चटणी आली, बदकाचा भात आला. बायकांनी ताटातलं निम्मंअर्धं टाकलं, बारीक राहायचं म्हणून. केक कापला. मेलितोन मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचा. मावशी शहाण्यासारखी शाल लपेटून बसली होती. त्याचा जीव भांड्यात पडला.

मग अस्तेतेसाहेब पिस्को दारूचा पेला घेऊन उभे राहिले. बँड थांबला. साहेबांना मुलीबद्दल काहीच ठाऊक नसल्यामुळे ते संसाराबद्दल बोलले.

"मित्रहो, संसार कशावर उभा असतो? विश्वासावर. आणि विश्वास म्हणजे काय? जे घरातलं आहे ते बाहेर न जाणं."

सगळे गंभीर झाले. साहेबांनी परिणामासाठी क्षणभर थांबायचं ठरवलं.

टक्क.

साहेबांनी भुवया उंचावल्या. मेलितोनच्या हातातला काटा तसाच राहिला. असा आवाज साऱ्या पेरू देशात एकाच गोष्टीचा होता, आणि तो त्यानेच घडवला होता.

टक्क.

माना वळायला लागल्या. मावशीचे कान आता मंद झाले होते. तिच्या हिशेबाने सगळं चिडीचूप चाललं होतं. हात शालीखाली आणि नजर अस्तेतेसाहेबांवर, भक्तिभावाने.

टक्क.

कोणीतरी फस्सकन हसलं, आणि मग मांडवभर खसखस पिकली. पांढऱ्या हातमोज्यांचा मुख्य वाढपी तीन ढांगांत तिथे पोचला. शालीखालून त्याने डबा ओढून काढला आणि मांडवाच्या मधोमध उंच धरला.

"मांडवाबाहेर अन्न न्यायला मनाई आहे, बाई!"

"मग आत तरी कुठे खाताय?" मावशी म्हणाली. "सगळं टाकलंच आहे की."

रोमुलोशेठ लालबुंद होऊन आले. "कोण आहे ही बाई? कोणाबरोबर आली?"

मेलितोनने ताटाकडे बघितलं. ताटात बटाटा होता. आयुष्यात कुठल्या बटाट्याकडे त्याने इतक्या बारकाईने बघितलं नव्हतं. कोणीतरी बोलावं, काहीतरी पडावं, बँडने वाजवायला घ्यावं, असं त्याला झालं. एवढी नामुष्की झाली होती आणि बँडवाले मेले मजा बघत बसले होते.

"मी कोणाचीच नाही, शेठ," मावशीचा आवाज आला. "रस्त्याने चालले होते. बँड ऐकला, आत आले."

किती सहज बोलली! जणू घरून पाठ करून आली होती. आणि आलीच होती की, त्यानेच तर पाठ करून घेतलं होतं.

"रिकामा करा तो डबा आणि काढा हिला बाहेर," शेठ म्हणाले.

वाढप्याने कान उचलायला घेतला. हातमोजा सटकला. हातमोजे काढून बघितलं. नख तुटलं. दुसरा वाढपी आला, नवरामुलगा आला, शिकलेला खरा, त्यानेही करून बघितलं. लोकांना आता नवरीपेक्षा डब्यात रस वाटायला लागला. "दाताने बघा!" असा सल्ला मागून आला. शेवटी अस्तेतेसाहेब स्वतः पुढे झाले, कारण धंद्याच्या माणसाला राहवत नाही. "हाच का तो तुमचा डबा, रोमुलो?"

"हाच साहेब! बघा, कसा लागलाय ते बघा!" शेठचा राग क्षणात पळाला. त्यांनी डबा हिसकून घेतला, उलटा केला आणि साहेबांच्या नाकासमोर जोरात हलवला. "एक थेंब गळला तर नावाचा रोमुलो नाही!"

डब्यातून पिवळ्या चटणीची एक सणसणीत पिचकारी निघाली आणि अस्तेतेसाहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर खिशापासून पट्ट्यापर्यंत गेली.

मागच्या टेबलांवरचे लोक बघायला खुर्च्यांवर चढले.

"इंजिनियर!" शेठ किंचाळले. "इंजिनियर कुठाय? इकडे या आणि हा उघडा!"

मेलितोन उठला. टाय सरळ करत तो मांडव ओलांडून गेला. शेठनी डबा त्याच्या हातात कोंबला. मावशी समोरच उभी होती, वाढप्याने तिचं कोपर धरलं होतं. तिने मेलितोनकडे अशा नजरेने बघितलं, जशा नजरेने आपण बँकेतल्या कारकुनाकडे बघतो. आणि वर म्हणाली, "उघडा हो साहेब, उघडा. माझं काही म्हणणं नाही."

साहेब! मावशीने त्याला साहेब म्हटलं.

त्याने डब्याकडे बघितलं. आरपार दिसणारा डबा, त्यानेच तसा हट्ट धरला होता, झाकण न काढता आतलं दिसावं म्हणून. तळाला बटाटे होते, बाजूला चटणी. आणि वर कागदी रुमालात गुंडाळून, ओल लागू नये म्हणून जपून वेगळी ठेवलेली, कातडी. कुरकुरीत, टेबलावरच्या दहा बायकांनी टाकलेली असेल तेवढी सगळी. मावशीला खालचे दात नव्हते. कातडी तिला चावत नसे, कितीतरी वर्षं चावत नव्हती.

मेलितोनने मान वर केली. तो मोठ्याने, पार स्वयंपाकघरापर्यंत जाईल अशा आवाजात बोलला.

"डबा गळत नाही, शेठ. तीनच कान लागलेत. मावशीचा चौथा राहिला होता."

"कोणाच्या मावशीचा?"

"माझ्या."

आणि त्याने अंगठ्याने चौथा कान दाबला. टक्क! तो आवाज पलीकडच्या खोलीतच काय, पलीकडच्या गल्लीत गेला असेल. मग त्याने डबा उलटा केला, अस्तेतेसाहेबांच्या बुटांवर धरला आणि सगळ्यांना पुरेसा वेळ बघू दिला. काही पडलं नाही.

"हिने मला वाढवलं," तो म्हणाला. "असल्याच जेवणांवर. चल मावशी."

वाढप्याने कोपर सोडलं. मागून कोणीतरी म्हणालं, "डबा मात्र चांगला आहे बरं का," पण ते कोण, ते बघायला मेलितोन थांबला नाही.

मिनीबसमध्ये जागा मिळाली ती मागच्या चाकावरची. मग मावशीनेच सुरुवात केली.

"मेल्या, मी तर नाव काढलं नव्हतं."

"माहितीये."

"मग तूच कशाला तोंड उघडलंस? गेली ना पाटी?"

"सोमवारी कळेल."

"आणि हे रे काय बनवलंस? मी म्हणत होते लोक का हसतायत. देवळातल्या घंटेएवढा आवाज करतो म्हणे! आपल्यासारख्यांनी कुठे न्यायचा असला डबा?"

"शेठना आवाज हवा होता."

"शेठला काय, त्याला कुठे लपवून न्यायचंय!" मावशी म्हणाली आणि शालीच्या दुसऱ्या बाजूने हात घालून तिने आणखी एक वस्तू बाहेर काढली. मार्जरिनचा जुना डबा, सुतळीने बांधलेला. "हा माझा. यात बदकाचा भात आहे, मऊ. चांगला डबा तुझ्यासाठी भरला होता."

मेलितोन बघतच राहिला. मांडवाच्या भर मध्यात एवढा तमाशा झाला, आणि हा सबंध वेळ दुसऱ्या काखेत होता!

"हा कोणाला कसा नाही दिसला?"

"हा गळतो रे," मावशी म्हणाली, "पण चुगली करत नाही."

तेवढ्यात बसने खड्डा घेतला. हिरवा रस्सा सुतळीवरून ओघळला आणि मेलितोनच्या इस्त्रीच्या पॅंटवर गुडघ्यापर्यंत पसरला. मावशी "अगं बाई!" म्हणून शालीच्या टोकाने पुसायला धावली. त्याने तिचा हात धरला.

"राहू दे."

मग त्याने आपला डबा मांडीवर घेतला, मधोमध तळव्याने दाबलं आणि कान उचलायला सुरुवात केली. टक्क, टक्क, टक्क, टक्क. सगळी बस वळून बघायला लागली. मेलितोनने कातडीचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि पुढच्या सीटवरून टवकारून बघणाऱ्या माणसाला, विचारलं नसताना सांगितलं, "ही माझी मावशी."